दुपारचा रकाना

आमच्या ऑफिसात परवा एका नव्या सहकाऱ्यानं जेवताना विचारलं, "घरी ऑनलाइन गेम खेळायला कोणतं कनेक्शन घेऊ? दोनशे एमबीपीएसचं की पाचशेचं?" टेबलावर आम्ही सहा जण होतो, सगळे आयटीतले. त्यामुळे मतंही सहा आली. मी टेबलावर बोटानं टकटक केली. "काय?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी टकटक केली आणि तू 'काय' म्हणालास. मधे जेवढा वेळ गेला, त्याला पिंग म्हणतात. तो कमी पाहिजे. दार रुंद आहे म्हणून आतला माणूस लवकर ओ देत नाही."

सगळे म्हणाले, वा, काय समजावलं! मला ते कौतुक घेता येईना. ते वाक्य माझं नव्हतं. ते गफूर तांबोळींचं होतं. ते नववीपर्यंत शिकलेले होते आणि मी बी.एस्सी. कॉम्प्युटर झालेली होते, तरी इंटरनेट म्हणजे काय हे मला त्यांनी शिकवलं. आणखीही बरंच शिकवलं. ते लिहून ठेवावं असं त्या दिवसापासून वाटत होतं.

माझं गाव वाशीम जिल्ह्यात. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. आमच्या घरात पदवी मिळालेली मी पहिली. निकाल लागल्यावर वडिलांनी माझं प्रमाणपत्र दुकानात आणून गिऱ्हाइकांना दाखवलं होतं आणि त्याच्या एका कोपऱ्याला ग्रीसचं बोट लागलं होतं. ते अजून आहे. पुण्यात पहिली नोकरी लागली ती कर्वेनगरात, घरोघरी इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत. काम फोन घेण्याचं. तक्रार लिहायची, लाइनमनला द्यायची, ग्राहकाला "पाठवतो" म्हणायचं.

तांबोळी तिथले सर्वांत जुने लाइनमन. साठीला आलेले. उंच, सडपातळ, कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, कानावर पेन्सिल. दिवसभर गच्च्या आणि जिने फिरूनही त्यांचा शर्ट संध्याकाळी कसा पांढरा राहायचा, हे आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही. राहायला घोरपडे पेठेत. घराणं कितीतरी पिढ्यांचं पुण्यातलं; आजोबांचं पानाचं दुकान होतं. मराठी असं नेटकं की फोनवर ऐकणाऱ्याला वाटावं, कुणी हेडमास्तर बोलताहेत. एकदा एका बाईंनी दार उघडून, त्यांचं नाव ऐकून, खालपासून वरपर्यंत पाहून म्हटलं होतं, "तांबोळी का? तुमचं मराठी छान आहे हो." तांबोळी चपला काढत म्हणाले, "तुमचंही बरं आहे."

मला ते पहिल्या दिवसापासून मॅडम म्हणत. मी बावीस वर्षांची, कुणी मॅडम म्हटलं की मागे वळून बघायची. म्हटलं, "काका, मला नावानं हाक मारा ना." ते म्हणाले, "नाव आईवडिलांनी फुकट दिलं. पदवी तुम्ही मिळवली. जे मिळवलं त्यानं हाक मारावी."

पहिल्याच आठवड्यात फोनवर माझ्या तोंडून गावाकडचं वाक्य गेलं, "हो सर, आम्ही लाइन पाहून राहिलो." पलीकडचे गृहस्थ हसले. "काय करून राहिलात? परत म्हणा!" मी म्हटलं नाही, ते पुन्हा म्हणाले, "म्हणा ना." तांबोळी समोर तारेचं भेंडोळं गुंडाळत बसले होते. उठले, फोन माझ्या हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "नमस्कार. लाइनची तक्रार असेल तर बोला. भाषेची तक्रार घ्यायला आमच्याकडे माणूस नाही." फोन ठेवला, परत भेंडोळं हातात घेतलं. त्यानंतर मी पुण्यात कधी भाषेसाठी लाजले नाही.

आता त्यांच्या कामाबद्दल.

आमच्याकडे येणाऱ्या नव्या ग्राहकांत गेम खेळणारे खूप. बहुतेक कॉलेजची मुलंमुली, काही आयटीतले नोकरदार. सगळ्यांचा पहिला प्रश्न तोच, किती एमबीपीएस, म्हणजे वेग किती. तांबोळी त्याचं उत्तर द्यायचेच नाहीत. ते तीन प्रश्न विचारायचे. "कोण खेळणार? कुठं बसून? किती वाजता?" ग्राहक म्हणायचा, "त्याचा काय संबंध?" तांबोळी म्हणायचे, "संबंध तेवढ्याचाच आहे. बाकीचं जाहिरातीत वाचा."

आणि मग ते बैठकीला जायचे. बैठक हा त्यांचाच शब्द. कनेक्शन कायम करायच्या आधी, माणूस ज्या वेळी खेळणार त्याच वेळी, त्याच खोलीत, तासभर तात्पुरती तार टाकून बसायचं. सोबत जुना, किनारी झिजलेला लॅपटॉप. त्यावर पिंगचे आकडे एकाखाली एक धावत असायचे आणि तांबोळी बिनसाखरेचा चहा घेत ते बघत बसायचे. दर पाच मिनिटांनी कानावरची पेन्सिल काढून लिहायचे. लिहायला कागद म्हणजे लग्नाच्या जुन्या पत्रिका. "पत्रिकेचा कागद जाड असतो. लग्न लागलं की कुणी बघत नाही तिच्याकडे," असं ते म्हणत. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर वर घराचा नंबर, खाली वेळा आणि समोर आकडे. "साडेआठ – ११. आठ पस्तीस – १२. आठ चाळीस – ५८, वहिनींनी टीव्हीवर सिनेमा लावला." शेवटी खाली सही. ते कार्ड ग्राहकाला द्यायचे आणि दुसरं तसंच स्वतःकडे ठेवायचे. लोक थट्टेनं त्याला घराची कुंडली म्हणत. पण कर्वेनगरच्या सोसायट्यांमध्ये ती कार्डं देवघराच्या खणात सुद्धा ठेवलेली मी पाहिली आहेत.

वायफायवर खेळणाऱ्याला ते कनेक्शन द्यायला नाखूष असत. "तार खेळणाऱ्याच्या टेबलापर्यंत. नाहीतर मग लपंडाव खेळा, त्याला काहीच लागत नाही." काम करताना आधी खाली वर्तमानपत्र अंथरायचे. फायबर म्हणजे केसाएवढी काच. तिचे कापलेले तुकडे पायात गेले तर दिसतही नाहीत. तांबोळी प्रत्येक तुकडा काळ्या चिकटपट्टीवर चिकटवायचे आणि निघताना मोजायचे. सात कापले तर सात. सहा भरले तर सातवा सापडेपर्यंत घरातल्या कुणी पाय हलवायचा नाही.

एकदा वारज्याच्या बाजूच्या एका सोसायटीतून फोन आला. आयटीतला मुलगा, सगळ्यांत मोठा प्लॅन हवा होता. तांबोळी बैठक करून आले आणि मला म्हणाले, "मॅडम, अर्ज फाडा. त्याला दुसऱ्या कंपनीचं घ्यायला सांगितलंय." मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. त्या दुसऱ्या कंपनीचा तारा जोडायचा बॉक्स त्याच्या जिन्याखालीच होता आणि आमची तार तीन गच्च्या फिरून जाणार होती. आमचे मालक जगतापसाहेब केबिनमधून बाहेर आले.

"तांबोळी, पगार कोण देतं तुम्हाला?"

"तुम्ही."

"मग?"

"म्हणून तर बघतो की त्याच्या शिव्या तुम्हाला पडू नयेत."

जगतापसाहेब चिडले, पण तांबोळींना काही करू शकले नाहीत. लोक आमच्याकडे कंपनीचं नाव घेऊन येतच नव्हते. "ते तांबोळींचं इंटरनेट आहे का तुमच्याकडे?" असं विचारत येत. त्याच साहेबांनी पुढे एक खास गेमिंग प्लॅन काढला, नाव चकचकीत, तार तीच. तांबोळींनी जाहिरातीचा कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले, "छान आहे. बैठकीला चहाखाली ठेवायला होईल."

त्यांना स्वतःच्या हातकामाचा अभिमान होता आणि तो लपवायची त्यांना गरज वाटत नसे. इंटरनेटच्या आधी पंधरावीस वर्षं त्यांनी टीव्हीच्या केबलचं काम केलेलं. ती जाड काळी केबल भिंतीच्या कडेनं काटकोनात वळवून, दर वीतभर अंतरावर खिळा मारून, अशी नेत की पट्टी लावून आखलीय असं वाटे. फायबरचं काम आलं तरी हात तोच राहिला. गच्चीवरचा त्यांचा बॉक्स उघडला की आतली तार घट्ट गोल गुंडाळलेली, कोपऱ्यांत चपखल बसवलेली, एक धागा इकडे नाही की तिकडे नाही. दुसऱ्या भागातले लाइनमन त्या बॉक्सचे फोटो काढून न्यायचे.

आता ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहिते आहे, ते सांगते.

कर्वेनगरातल्याच एका सोसायटीत, सर्वांत वरच्या मजल्यावर, कानिटकर राहायचे. बँकेत नोकरी, स्वभाव हिशेबी, बोलणं तिरकस. त्यांची मुलगी ऋता, वीस वर्षांची, सी.ए.ची परीक्षा देत होती आणि त्याच वेळी पाच मुलींच्या एका संघातून ऑनलाइन गेम खेळत होती. मला त्या खेळाला खेळ मानायला थोडा वेळ लागला. पण ती सराव करायची ते बघितल्यावर मानला. कानिटकरांनी तिच्याशी करार केला होता. मे महिन्यात एका स्पर्धेची अंतिम फेरी होती. ती जिंकणाऱ्या संघाला वर्षभर पगारी खेळायला मिळणार होतं. जिंकली तर एक वर्ष तिचं. हरली तर कॉम्प्युटर विकायचा आणि परीक्षा एके परीक्षा.

तांबोळींनी डिसेंबरात त्यांच्याकडे बैठक केली होती. कार्ड उत्तम होतं, रात्री आठ ते नऊ, आकडा अकराच्या वर नाही. कानिटकर खूश होते. पण एप्रिलमध्ये संघातल्या दोघींना संध्याकाळची नोकरी लागली आणि सराव दुपारी बारा ते दोन झाला. तेव्हापासून ऋताची लाइन तुटायला लागली. खेळ ऐन रंगात आणि पडद्यावरची हिची बाहुली जागच्या जागी उभी. संघ हरायचा.

तिची तक्रार मीच लिहून घेतली होती. तांबोळी गेले ते दिवसाची कामं उरकून, संध्याकाळी साडेसातला. एरवी प्रत्येक घरी विचारायचे, किती वाजता. त्या दिवशी विचारलं नाही. कार्डावर उत्तर लिहिलेलं होतं ना! आकडे पाहिले, सगळे ठीक. मग टेबलाखाली वाकले तर तार ऋताच्या खुर्चीच्या चाकाखाली दबलेली. ते उठून म्हणाले, "लाइन ठणठणीत आहे. खुर्ची नाचवू नका."

ऋता म्हणाली, "काका, ती आत्ता अडकलीय. पण तुटतं दुपारी."

तांबोळी म्हणाले, "तार दुपारी वेगळी आणि संध्याकाळी वेगळी नसते, बाळ."

कानिटकर ऐकत होते. तांबोळींचा शब्द त्यांच्यासाठी शेवटचा. मुलगी हरते आहे आणि दोष लाइनवर ढकलते आहे, असा त्यांनी सरळ अर्थ लावला. त्याच रात्री कॉम्प्युटरच्या सगळ्या तारा निघून कपाटात गेल्या आणि किल्ली त्यांच्या खिशात. अंतिम फेरीला दहा दिवस राहिले होते. पाच दिवसांत सरावाला आली नाहीस तर जागा दुसरीला, असं संघानं तिला कळवलं.

तिसऱ्या दिवशी ऋता आमच्या ऑफिसात आली. मला वाटलं, भांडेल. तिनं पिशवीतून एक लग्नाची पत्रिका काढली आणि कोरी बाजू वर करून माझ्यासमोर ठेवली. वर घराचा नंबर. खाली वेळा, समोर आकडे. मशीन बंद व्हायच्या आधीच्या बारा दिवसांचे, सगळे दुपारचे. "१२:०० – ११. १२:१० – १४. १२:२० – ३१०. १२:२५ – तुटलं." रोज थोड्याफार फरकानं तेच. शेवटी तिची सही.

"ताई, काका माझं ऐकणार नाहीत," ती म्हणाली. "पण हे वाचतील."

मी ते तांबोळींना दिलं. त्यांनी उभ्यानं वाचलं, मग खुर्ची ओढून बसून वाचलं. पत्रिका उलटून कुणाचं लग्न होतं तेही वाचलं. संध्याकाळी जाताना मला म्हणाले, "मॅडम, उद्या साडेअकराला फोन मोकळा ठेवा."

दुसऱ्या दिवशी साडेअकराला त्यांचा फोन आला, कानिटकरांच्या गच्चीवरून. "मी आकडा सांगतो, तुम्ही लिहा." तारेतून किती प्रकाश येतोय हे दाखवणारं एक छोटं मीटर असतं. आकडा उणे असतो. वीसच्या आसपास असला तर लाइन तब्येतीत, सत्तावीसच्या पलीकडे गेला की धापा टाकायला लागते. त्यांनी सांगितलं, "साडेअकरा, उणे बावीस." पंधरा मिनिटांनी, "चोवीस." मग बारा वाजता, "सव्वीस." बारा वीसला मीटर काढून पुन्हा लावल्याचा खटका ऐकू आला. मग म्हणाले, "एकोणतीस. लिहिलंत?"

"लिहिलं."

"आता रजिस्टर बघा. हा बॉक्स कुणी भरलाय?"

मी पान शोधलं. नाव समोर होतं. "काका, तुम्हीच."

"असणारच," ते म्हणाले. "एवढा नीटनेटका दुसऱ्या कुणाचा असतो?"

तारेची ती घट्ट गुंडाळी हीच चूक होती. टीव्हीची केबल तांब्याची, ती काटकोनात वळवली तरी चालते. ही काच. फार आवळून वळवली की प्रकाश वळणावर बाहेर सांडतो. संध्याकाळी गार हवेत कसाबसा वळत होता. दुपारी गच्चीवरचा काळा बॉक्स तापला की आतलं प्लास्टिक फुगायचं, वळण आणखी आवळायचं. ज्या कामाचे लोक फोटो काढून नेत होते, तेच काम ऋताची लाइन तोडत होतं. तांबोळींनी तिथेच गुंडाळी सोडली, तारेला मोठा सैल वळसा दिला. आकडा विसावर आला. मी नंतर तो बॉक्स पाहिला. आत तार कशीही पडल्यासारखी दिसत होती. "गबाळं दिसतं," ते म्हणाले, "पण तिला तसंच आवडतं."

काम तिथं संपलं होतं. लाइन सुधारली होती. का सुधारली हे कुणी विचारणार नव्हतं. जगतापसाहेबांनी तसं सांगितलंही. "खालीच काहीतरी होतं म्हणा. आपली चूक म्हणालात तर उद्या सगळी सोसायटी उभी राहील." तांबोळी म्हणाले, "राहू दे. बसायला मी सांगीन."

त्या संध्याकाळी त्यांनी मला बरोबर चला म्हटलं. "पदवीधर माणूस साक्षीला असलेला बरा." कानिटकरांनी दार उघडलं, आम्हाला आत घेतलं. ऋता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. तांबोळी बसले नाहीत.

"कानिटकर, मी तुमच्या घरात एक वाक्य बोलून गेलो होतो. ते परत घ्यायला आलोय."

"कोणतं?"

"खुर्चीचं. खुर्चीचा दोष नव्हता. वरचा बॉक्स मी भरला होता, तो चुकला होता. उन्हात लाइन जात होती. पोर खरं सांगत होती. तिला तिचं मशीन द्या."

कानिटकर त्यांच्या पद्धतीनं म्हणाले, "म्हणजे तांबोळी, मागच्या वेळी तुमचं ऐकून बंद केलं, आता तुमचं ऐकून चालू करायचं. आमच्या घरात आम्हाला काही मत?"

मला वाटलं, आता तांबोळी काहीतरी सणसणीत बोलतील. त्यांना येत होतं. पण त्यांनी शर्टाच्या खिशातून ऋताची पत्रिका काढली आणि टेबलावर ठेवली. शेजारी माझ्या अक्षरातले गच्चीवरचे आकडे ठेवले.

"माझं ऐकू नका," ते म्हणाले. "तिचं ऐका. तिनं मोजलंय. मी मोजलं नाही, मी नुसतं बोललो."

कानिटकरांनी चष्मा लावला. बँकेतला माणूस, आकडे दिसल्यावर त्यांना वाचावेच लागले. दोन्ही कागद शेजारी धरून, बोट ठेवत, बारा दिवस वाचले. मग खिशातून किल्ली काढली आणि मुलीकडे धरली. ऋतानं ती घेतली आणि आधी तांबोळींना विचारलं, "काका, चहा? बिनसाखरेचा?"

"आज साखर घाल," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून तांबोळींनी आपले सगळे जुने बॉक्स उघडायला घेतले. चाळीसहून जास्त होते. सगळे दुपारी, बारानंतर, मे महिन्यात. घाम पुसत ते गच्चीवरून खाली यायचे, त्या त्या घराची बेल वाजवायचे आणि सांगायचे, "तुमच्याकडे माझं काम चुकलं होतं. आता दुरुस्त केलंय." बहुतेकांना चूक होती हेच माहीत नव्हतं. एका आजोबांनी विचारलं, "मग सांगायला कशाला आलात?" तांबोळी म्हणाले, "बरोबर केलं असतं तर सांगितलं असतंच की." सोसायटी काही उभी राहिली नाही. उलट त्या महिन्यात ऑफिसात फोन आले ते वेगळेच: "आमचा बॉक्स कधी उघडणार?"

आणि त्यांच्या कार्डावर एक रेघ वाढली. पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'संध्याकाळ', उजवीकडे 'दुपार'. बैठक आता दोनदा व्हायची. कुणी विचारलं की ते सांगायचे, "हा रकाना एका ग्राहकानं शिकवला." ग्राहक वीस वर्षांची आहे, हे मात्र मी सांगायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा. तिचाही आणि त्यांचाही. ऑफिसातल्या माझ्या खुर्चीवर बसून मी पुष्कळ शिकलेल्या माणसांचे फोन घेतले होते. स्वतःची चूक शोधायला भर उन्हात मीटर घेऊन गच्ची चढणारा माणूस मी तो एकच पाहिला.

अंतिम फेरी रविवारी दुपारी बाराला होती. मला तोवर हिंजवडीत नोकरी लागली होती, सोमवारी रुजू व्हायचं होतं. पेढे घेऊन मी तांबोळींना शोधत निघाले, तेव्हा फोनवर म्हणाले, "कानिटकरांच्या गच्चीवर या."

गच्चीवर सोसायटीतल्या बायकांनी प्लास्टिकच्या कागदांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. त्यातला एक कागद थोडा बाजूला ओढून तांबोळी पाण्याच्या टाकीच्या बोटभर सावलीत बसले होते. शर्ट पांढरा, कडक. शेजारी मीटर, मांडीवर पत्रिका.

"पेढे पिशवीतच राहू द्या," ते म्हणाले. "बॉक्सपाशी मुंग्या येतील."

मी म्हटलं, "काका, खाली जाऊन खेळ तरी बघा. जोड नीट झालाय की."

"झालाय. मागच्या वेळीही झाला होता."

दर पाच मिनिटांनी ते उठायचे, आकडा बघायचे, उजव्या रकान्यात लिहायचे. वीस. वीस. एकवीस. वीस. मी कठड्याच्या सावलीत बसून होते. खालच्या मजल्यावरून मधूनच ऋताचा आवाज यायचा, "डावीकडे, डावीकडे!" तेव्हा तांबोळी मान वर करायचे आणि बॉक्सकडे बघायचे.

एक वाजून चाळीस मिनिटांनी खालून एकदम ओरडा झाला. मी कठड्याशी धावले. तांबोळी मीटरपाशी गेले.

जिन्यावर पावलं वाजली आणि कानिटकर वर आले, धापा टाकत, अनवाणी. गच्ची तव्यासारखी तापलेली. ते एका पायावरून दुसऱ्या पायावर नाचत होते.

"तांबोळी! जिंकल्या! अहो, पोरी जिंकल्या!"

"ते त्यांचं काम," तांबोळी म्हणाले. "तुटलं का कुठं?"

"अहो, जिंकल्या म्हणतोय मी—"

"ऐकलं. तुटलं का?"

"नाही. एकदाही नाही."

तांबोळींनी कानावरची पेन्सिल काढली. एक चाळीस, वीस. खाली रेघ मारली, सही केली आणि पत्रिका कानिटकरांच्या हातात दिली. "हे ऋताला द्या. आणि चप्पल घालत जा. गच्ची दुपारी फार तापते. मलाही उशिराच कळलं."

कानिटकर उड्या मारतच खाली गेले. मी पेढ्याची पिशवी टाकीच्या कट्ट्यावर ठेवली, तांबोळींच्या पायाला हात लावला. ते "अहो मॅडम, हे काय" म्हणून मागे सरकले. मी जिन्याकडे वळले. दारातून मागे पाहिलं, तेवढंच. त्यांनी बॉक्सचं झाकण लावलं होतं आणि बाजूला ओढलेला कुरडयांचा कागद परत उन्हात नेत होते. ओढताना कडेच्या चार कुरडया सरकल्या. ते गुडघ्यावर बसले आणि एकेक उचलून पुन्हा रांगेत लावू लागले.